पावसाळ्याचे चार महिने तुझे

नळदुर्ग,
येळवशीचा दुसरा दिवस

प्रिय मैत्रिणीस,


तुझं पत्र मिळालं. घर बदललंत, मेलबर्नच्या पार कडेला राहायला गेलात आणि मागच्या अंगणातून काळंभोर आकाश दिसतं, हे वाचून केवढा आनंद झाला सांगू! पुढं तू विचारलंस, "आकाशात इतके तारे असताना एकाच ताऱ्याच्या मागं का लागली आहेस?" याचं उत्तर दोन ओळींत मावायचं नाही, म्हणून आज सवडीनं लिहायला बसले. उत्तराबरोबर तुझ्याकडं एक मागणंही आहे, पण ते शेवटी.

काल येळवस झाली. सगळे दिराच्या शेतात जमलो होतो. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगीतली आंबील. तुला तिकडं वाचून भूक लागेल, म्हणून जास्त लिहीत नाही. सांजेला हेंडगा पेटवून पिकाच्या कडेनं फिरवला आणि मंडळी घराकडं निघाली. मी आणि धाकटा पुतण्या मागं राहिलो. मार्गशीर्षातली अमावास्या, भोवती गुडघाभर हरभरा आणि कंबरेएवढी ज्वारी, गावातले दिवे टेकाडाच्या पलीकडं. नऊच्या सुमाराला मीरा, म्हणजे तू विचारलास तोच तारा, दक्षिणेला ऐन मध्यावर आली, क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर त्या जागी काहीच नाही. बायनॉक्युलर लावली, तेव्हा कुठं एक बारीक, तांबूस ठिपका सापडला. पुतण्या म्हणाला, "काकू, एवढंच?" मी म्हटलं, "मार्चमध्ये बघ."

हाच ठिपका तीन महिन्यांत चढत जातो आणि साध्या डोळ्यांना दिसू लागतो. मग तो ज्यात आहे त्या तिमिंगल तारकासमूहाचं सगळं रूपच बदलतं. जिथं मान मोकळी होती तिथं एक ठसठशीत तारा येऊन बसतो. काही आठवडे राहतो, मग उतरू लागतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. ही फेरी साधारण ३३२ दिवसांची. तळाला मीरा नवव्या प्रतीच्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे डोळ्यांच्या आवाक्याच्या खूप खाली. शिखरावर बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रतीची होते आणि क्वचित दुसऱ्या प्रतीपर्यंत जाते. १७७९ साली विल्यम हर्शेलनं तिला जवळजवळ रोहिणीइतकी तेजस्वी पाहिली होती. तळ आणि शिखर यांतला फरक शेकडो पटींचा, कधी हजारावर. तू विचारलंस ना, हीच का? असे तारे मोजकेच, जे साध्या डोळ्यांसमोर येतात, नाहीसे होतात, आणि ज्यांच्या येण्याचा महिना आधी सांगता येतो पण ज्यांची झळाळी किती असेल हे कोणीच सांगू शकत नाही!

ती सापडली कशी, हे ऐकण्यासारखं आहे. उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर डेव्हिड फॅब्रिसियस नावाचा धर्मोपदेशक राहायचा. आकाश पाहण्याचं त्याला वेड होतं. १५९६ च्या ऑगस्टमध्ये ग्रहाचं स्थान मोजायला शेजारचा एक तारा धरावा म्हणून त्यानं हा तारा निवडला. काही आठवड्यांत तो आणखी उजळला, नंतर मंदावून गायब झाला. त्याला वाटलं, नवा तारा पेटला आणि विझला. १६०९ मध्ये तो पुन्हा दिसला, तरी फॅब्रिसियसला त्याचा नियम काही उमगला नाही. १६१७ मध्ये त्याच्याच गावातल्या एका शेतकऱ्यानं फावडं डोक्यात घालून त्याला मारलं. हंस चोरल्याचा आरोप त्यानं प्रवचनातून त्या माणसावर केला होता म्हणे. १६३८ मध्ये हॉलंडमधल्या होलवार्डा यांनी हा तारा ठरावीक काळानं परततो हे ओळखलं. 'मीरा' हे नाव १६६२ मध्ये हेव्हेलियसनं दिलं, आणि १६६७ मध्ये बुलियो यांनी फेरीचा काळ ३३३ दिवसांचा काढला. आजच्या आकड्यात आणि त्यात एका दिवसाचा फरक! त्या काळी युरोपात तारे अढळ आणि अविकारी मानत होते. ग्रहण नाही, धूमकेतू नाही, आणि तरी एक तारा वेळापत्रकानं उजळतो-मावळतो, हा त्या समजुतीला बसलेला मोठा धक्का होता. आपल्या २७ नक्षत्रांच्या वाटेपासून तिमिंगल बाजूला पडतो, म्हणून पंचांगात मीराचा पत्ता नाही.

आता आतली गोष्ट. मीरा म्हणजे म्हातारपणाला आलेला, सूर्याच्याच जातीचा तारा. गाभ्यातलं हायड्रोजन संपलं, मग हेलियमही संपलं. आता गाभ्यात कार्बन आणि ऑक्सिजनची राख, आणि तिच्याभोवतीच्या पातळ कवचांत उरलेलं इंधन जळतंय. बाहेरचा पसारा फुगत फुगत असा झाला आहे, की सूर्याच्या जागी मीरा ठेवली तर पृथ्वीची कक्षाही तिच्या पोटात जाईल. पृष्ठभाग थंडावून सुमारे ३,००० अंशांवर आला आहे, म्हणून रंग तांबडा. मराठीत अशांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात. एवढा विरळ पसारा स्थिर राहत नाही. अकरा महिन्यांत एकदा फुगतो, एकदा आकसतो. आत हायड्रोजनचा एक थर आहे, तो दाबला गेला की उष्णता अडवून धरतो. अडलेली उष्णता पसाऱ्याला बाहेर ढकलते. पसरला की थंडावतो, वाट मोकळी होते, आणि स्वतःच्या वजनानं सगळं पुन्हा आत येतं.

पण नुसत्या फुगण्या-आकसण्यानं प्रकाश शेकडो पट बदलणार नाही. मला बरेच दिवस हे कोडं पडलं होतं. उत्तर टायटॅनियम ऑक्साइडमध्ये आहे. तारा पसरून थंडावला की त्याच्या वातावरणात या संयुगाचे रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि ते नेमका डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतात. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते, आणि तो प्रकाश आपले डोळे पकडत नाहीत. अवरक्तात मोजलं तर मीराचा चढउतार फार थोडा दिसतो. कालच्या हेंडग्याचा निखारा आठव: राखेखाली तो काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की ऊब लागते. मीरा तळाला असते तेव्हा तिचं असंच आहे.

आणखी एक. फुगताना-आकसताना ती बाहेरचा वायू आणि धूळ अवकाशात सांडत जाते. अवकाशातून ती सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगानं धावते आहे, त्यामुळं सांडलेलं सगळं मागं राहून शेपटी होते. गॅलेक्स या उपग्रहानं अतिनील प्रकाशात पाहिलेली ही शेपटी २००७ मध्ये जाहीर झाली. लांबी १३ प्रकाशवर्षं! त्या शेपटीत गेल्या ३०,००० वर्षांचा ऐवज आहे. जवळच एक श्वेत बटु ताराही तिच्याभोवती फिरतो. आपला सूर्य काही अब्ज वर्षांनी याच वाटेनं जाणार आहे. म्हणून मी मीराकडं पाहते तेव्हा सूर्याचं पुढचं वय बघते आहे असं वाटतं, आणि त्यात भीती कसलीच वाटत नाही, फक्त कुतूहल वाटतं.

तू म्हणशील, ४०० वर्षं बघून झालं, सगळं समजलं, आता काय उरलं? तर ऐक. वासुकी तारकासमूहात मीराच्याच जातीचा एक तारा आहे, आर हायड्री. १७०४ मध्ये माराल्डी यांनी त्याचं रूपविकारीपण, म्हणजे त्याचं तेज बदलत राहतं हे, ओळखलं. त्या शतकात त्याची फेरी ४९० दिवसांच्या घरात होती. विसाव्या शतकाच्या मध्याला ती ३८५ च्या आसपास आली. ताऱ्याच्या आतल्या हेलियमच्या कवचात उसळी येऊन गेल्यामुळं असं झालं असावं, असं मानतात. ताऱ्यांच्या आयुष्यात शे-दोनशे वर्षं म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकीही नाहीत, आणि एवढ्यात हा बदल आपल्याला दिसला. कशामुळं? कुणी ना कुणी दर फेरीला आकडा लिहून ठेवला म्हणून. मधली ५० वर्षं कुणी पाहिलंच नसतं, तर फेरी हळूहळू आखडली की एकदम, हे सांगायला कोणी नसतं.

आकडा काढायची रीत अगदी सोपी आहे. मीराच्या शेजारी ज्यांची प्रत ठाऊक आहे असे दोन तारे घ्यायचे, एक तिच्यापेक्षा उजळ आणि एक मंद, आणि ती त्या दोघांच्या मध्ये कुठं बसते ते ठरवायचं. एकच पथ्य आहे: तांबड्या ताऱ्याकडं टक लावून बघायचं नाही. बघत राहिलं की तो डोळ्यांना उगाच उजळ वाटत जातो. नजर टाकायची, काढायची, शेजाऱ्याकडं टाकायची. अमेरिकेत १९११ पासून रूपविकारी तारे बघणाऱ्यांची एक संस्था आहे. जगभरच्या हौशी लोकांचे असे आकडे ती जमवते, आणि मोठमोठ्या दुर्बिणींवरचे शास्त्रज्ञ ते वापरतात. शिक्षण, उपकरण, पद यांतलं काही लागत नाही. चिकाटी लागते.

या संस्थेच्या इतिहासातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. राधागोविंद चंद्र. १८७८ मध्ये जेसोरजवळ, म्हणजे आजच्या बांगलादेशात जन्म. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास, आणि नोकरी खजिन्यातल्या कारकुनाची. १९१२ मध्ये तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि पुढं रूपविकारी ताऱ्यांचे आकडे अमेरिकेला पाठवायला सुरुवात केली. त्यांचं काम इतकं चोख होतं, की १९२६ मध्ये त्या संस्थेनं सहा इंची दुर्बीण समुद्रमार्गे त्यांच्याकडं धाडली.  त्यांनी ३७,००० हून जास्त निरीक्षणं नोंदवली. फाळणीनंतर ते बंगालच्या अलीकडच्या भागात आले, तिथंही बघत राहिले. डोळे थकल्यावर ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बापूंकडं गेली आणि अखेरीस तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत पोचली. एका कारकुनाच्या आयुष्याचा यापेक्षा मोठा गौरव मला सुचत नाही.

वेणू बापूंचं नाव आलं म्हणून सांगते, हा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुला मी काय सांगू! त्या संस्थानाची स्वतःची वेधशाळा होती, निजामिया. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये तिचा पाया घातला, आणि त्यांनीच आणलेल्या १५ इंची ग्रब दुर्बिणीनं पुढं टी. पी. भास्करन यांच्या काळात तिथं रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले गेले. आकाशाचा नकाशा काढण्याच्या जागतिक कामात दक्षिणेकडचा एक पट्टा या वेधशाळेच्या वाट्याला आला होता, आणि त्यातल्या लाखो ताऱ्यांची स्थानं तिथल्या लोकांनी हातानं मोजून काढली. बापूंचे वडील तिथंच कामाला होते. बापू लहानपणापासून त्या दुर्बिणींखाली वाढले आणि हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात निजामाचं नाव आलं की रझाकार येतात, मुक्तिसंग्राम येतो, आणि ते यायलाच हवं. आपल्या आजोबांच्या पिढीनं ते सोसलं आहे. पण त्याच संस्थानात रात्र-रात्र जागून तारे मोजणारी माणसं होती, हेही आपल्या पोरांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपलं आकाश काही कमी नाही. परंड्याच्या पलीकडं, करमाळा तालुक्यात, जेऊर आहे बघ. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला तिथं तळ ठोकून होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तिथंच आले होते. इथलं हिवाळ्यातलं कोरडं, निरभ्र आकाश असं कामाला आलं. ज्या कोरडेपणानं आपल्या विहिरी आटतात, त्यानंच आपलं आकाश स्वच्छ राहतं. आता पवनचक्क्यांचे लाल दिवे आणि हायवेवरच्या ढाब्यांचा उजेड वाढला आहे, तरी टेकाडाआड गेलं की अजून काम भागतं.

तुला १९९३ चा ऑक्टोबर आठवतो? ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. आपणही कित्येक रात्री अंगणात, एकाच गोधडीत. सास्तूरकडून येणाऱ्या बातम्या ऐकून आई रडायची आणि आपल्याला म्हणायची, वर बघा, तारे मोजा. आपण मोजायचो. मध्यरात्रीनंतर तिमिंगल डोक्यावर यायचा. नाव तेव्हा माहीत नव्हतं. पुढं मी हिशेब करून पाहिला. त्या वर्षी मीराचं शिखर जूनच्या सुमाराला होऊन गेलं होतं, म्हणजे ऑक्टोबरात ती डोळ्यांना दिसत नव्हती. आपण तिच्या जागेकडंच बघत होतो आणि ती तिथंच होती. भीतीच्या त्या दिवसांत आकाशाची गोडी लागली ती आईमुळं, हे मी विसरणार नाही.

आता मागणं. तुझ्या लक्षात आलंच असेल, पण सांगते. मीराची फेरी वर्षापेक्षा सुमारे ३३ दिवसांनी लहान, म्हणून शिखर दर वर्षी महिनाभर अलीकडं येतं. यंदा मार्चच्या सुमाराला, पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या आसपास. एप्रिलअखेर सूर्य तिच्या बाजूला येतो, तेव्हा ती कुणालाच दिसत नाही. जूनमध्ये ती पहाटे पूर्वेला परत येते, आणि नेमका तेव्हा आपल्याकडं पाऊस. पाऊस पुरेसा पडो न पडो, ढग मात्र सप्टेंबर संपेपर्यंत हलत नाहीत. माझ्या वहीत दर वर्षी इथं मोठं भगदाड पडतं. मीरा इतकी सावकाश बदलते, की तिला दिवस-रात्रीच्या फरकानं काही होत नाही. अडचण ऋतूंची आहे. ती इथं कोणी कितीही जागलं तरी सुटणारी नाही. दुसऱ्या ऋतूत राहणारं कुणीतरी लागतं, आणि तू तिथं आहेस!

मीरा खगोलीय विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंश दक्षिणेला आहे, म्हणून ती तुलाही दिसते आणि मलाही. मध्यावर आली की मला दक्षिणेला, तुला उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ५५ अंश वर. सगळं चित्र तुला उलटं दिसेल, एवढं ध्यानात ठेव. कृत्तिका तू ओळखतेसच. त्यांच्यापासून काही अंतरावर ताऱ्यांचा एक मंद पंचकोन दिसेल, ते तिमिंगलाचं डोकं. त्यातला सगळ्यांत तेजस्वी तो मेनकार, साधारण अडीच प्रतीचा. मेनकारपासून गॅमा, मग डेल्टा, आणि त्याच ओळीत थोडं पुढं गेलं की मीरा. जूनमध्ये ती उताराला लागलेली असेल, म्हणून बायनॉक्युलर लागेल. १० बाय ५० ची पुरते, भारी घेऊ नकोस. नकाशा आणि शेजाऱ्यांच्या प्रती मी या पत्रासोबत पाठवते आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला एक पहाट दे, ढग असतील तर पुढची. तारीख, वेळ आणि प्रत, एवढंच लिही, आणि वेळेपुढं मेलबर्नची की भारताची ते न विसरता लिही. आकडा मनाजोगता वाटला नाही तरी खोडू नकोस, दिसलं तसं राहू दे. ऑक्टोबरात वही मी घेईन, जूनमध्ये पुन्हा तुझ्याकडं येईल. उत्तर लवकर पाठव, आणि त्यात हो किंवा नाही हे आधी लिही.

तुझी,
मैत्रीण